लोखंडी टोपीखालचा माणूस

सोलापूर,
१८ एप्रिल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "युद्धाचा तुला एवढा तिटकारा, मग सैनिकांच्या टोप्या घरात कशाला भरतोस?" असं तू विचारलंस. फोनवर याचं धड उत्तर देता आलं नसतं. बाहेर ऊन असं आहे की दुपारी साखर पेठेत चिटपाखरू दिसत नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी वस्तूच दाखवतो. समोर एक ब्रिटिश 'मार्क टू' ठेवलंय, दुसऱ्या महायुद्धातलं पोलादी हेल्मेट. उथळ, रुंद काठाचं, उपड्या परातीसारखं. याचा मूळ नमुना जॉन ब्रोडी याने १९१५ मध्ये काढला. पहिल्या महायुद्धात खंदकात उभी असलेली माणसं डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी मरत होती. काठ इतका रुंद ठेवला तो त्यासाठीच, वरून येणारा तुकडा डोक्याबरोबर मानेवरूनही टळावा म्हणून. सरळ आलेली रायफलची गोळी हे पोलाद थोपवत नाही आणि थोपवेल असं कुणी म्हटलंही नव्हतं. वजन किलोच्या थोडं वर. एवढं ओझं दिवसभर डोक्यावर घेऊन माणूस उन्हात चालला असेल, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

यातलं पोलाद खास आहे. रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८२ मध्ये शोधलेलं, त्यात साधारण बारा टक्के मँगनीज. या पोलादाला चुंबक चिकटत नाही! म्हणून मी जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात ठेवूनच बाजारात जातो, मग तो आपला मंगळवार बाजार असो की पुण्याचा जुना बाजार. ब्रिटिश टोपीच्या कवचाला चुंबक गच्च बसलं की समजायचं, हे साधं लोखंड, आघाडीसाठी बनवलेलं नाही. (जर्मन टोप्यांना ही परीक्षा चालत नाही, त्यांचं पोलाद वेगळं.)

पुण्यात एका विक्रेत्याने काठाला बारीक भोकं असलेली टोपी पुढे केली. "साहेब, गोळ्या लागल्यात, बर्मातनं आलीय." भोकं एकसारखी, गोल, कडा साफ. गोळीने असं भोक पडत नाही. खरी गोष्ट अशी की जे पोलाद आघाडीच्या कसोटीला उतरायचं नाही, त्याच्या टोपीला कारखान्यातच अशी भोकं पाडत. रणांगणावर धाडायची नाही, याची ती खूण. अशा टोप्या मागे शहरांत हवाई हल्ल्याच्या वेळी पहारा देणाऱ्यांना, आग विझवणाऱ्यांना मिळत. मी ती घेतली. ब्रह्मदेशातल्या शिपायाऐवजी आता मला त्या टोपीखाली कुठल्याशा गल्लीत "दिवे घालवा!" म्हणून ओरडत फिरणारा माणूस दिसतो. तो मला जराही कमी वाटत नाही.

कल्पना मी करतोच विन्या, रात्र रात्र करतो. पण टोपी परवानगी देईल तेवढीच. समोरच्या मार्क टूच्या हिरव्या रंगाचा टवका एके ठिकाणी उडालाय आणि खालून वाळूचा रंग दिसतो. मनात लगेच येतं, आधी आफ्रिकेचं वाळवंट, मग इटलीच्या टेकड्या. पण एखाद्या डेपोत, कुणाच्याही डोक्यावर चढण्याआधी, नुसता रंग बदललेला असणंही तितकंच शक्य आहे. मी वहीत दोन्ही लिहून ठेवतो. आतलं कातडं मात्र कपाळाच्या बाजूला काळं पडलंय आणि हनुवटीचा पट्टा दुसऱ्याच कुठल्या पट्ट्याने, हाताच्या टाक्यांनी जोडलाय. ते टाके घालणारा माणूस होता, एवढं नक्की. त्याच्याजवळ मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

अमेरिकन एम-वनही एक आहे, १९४१ च्या नमुन्याचं. दुसऱ्या महायुद्धात ती दोन कोटींच्या वर बनली. बाहेरचं कवच आतल्या टोपीवरून सुटं होतं, त्यात शिपाई दाढीचं पाणी घेत. जर्मन टोप्या मी ठेवत नाही. त्यांच्यावरच्या नाझी चिन्हांना भाव आहे, म्हणून जुन्या कवचावर नवी चिन्हं चिकटवून विकतात. पण माझं कारण ते नाही. ती चिन्हं बघून ज्यांचे डोळे चमकतात, त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, नीट ऐक बे. आपण दोघं चार हुतात्मा चौकातून शाळेत जायचो. १९३० च्या मे-जूनमध्ये या गावावर इंग्रज सरकारचा मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. हे आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याच सरकारची लोखंडी टोपी घालून आपल्या मुलखातली पोरं समुद्रापार गेली. कुणी पोटासाठी, कुणी घराण्याच्या रिवाजाने. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत मराठा पलटणी होत्या. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठ्यांच्या चौथ्या बटालियनने जपान्यांना दिवसेंदिवस अडवून धरलं. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे मशीनगनवर एकटा चालून गेला. बरोबरचे सगळे पडले होते. ठाणं त्याने घेतलं आणि तिथेच मारला गेला, वय अवघं बावीस. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना भर गोळीबारात बाहेर काढलं आणि मशीनगनची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, म्हणून त्यांची नावं तरी उरली. बाकीच्यांचं काय? ते हुतात्मे नव्हेत, शत्रूही नव्हेत. त्यांचा चौक कुठेच नाही.

त्याआधीच्या युद्धातले तर आणखी मागे राहिले. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव शापेलला हिंदी शिपाई पागोटी आणि कापडी टोप्या घालून लढले. ब्रिटिश पोलादी टोप्या फ्रान्सच्या आघाडीवर यायला लागल्या त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, आणि तेव्हा हिंदी पायदळ तिथून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, निघालं होतं. तिकडे कूतच्या वेढ्यात मराठे अडकले, २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. त्यांची एकही टोपी माझ्या कपाटात येऊ शकत नाही, कारण ती त्यांच्या डोक्यावर कधी आलीच नाही. ती रिकामी जागाही मला माझ्या संग्रहातच धरावी लागते.

म्हणून भरतो रे टोप्या. युद्ध आवडतं म्हणून नाही. त्याखालचा माणूस कोण, हे विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून.

आता काम. तुझे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीला गेले होते. लहानपणी आपण विचारलं की "बर्फ बघितला" एवढंच सांगायचे आणि सुपारी कातरत बसायचे. मे महिन्यात तू बार्शीला आत्यांकडे जाणार आहेस, तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडून बघ. सेवामुक्तीचं पुस्तक किंवा कुठलाही सरकारी कागद असेल तर त्यावर त्यांचा नंबर आणि बटालियन असेल. पदकं मिळाली तर मागची बाजू आणि कड दोन्ही बघ, हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव-नंबर कोरलेला असू शकतो. नंबर हाती आला की बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येईल. अर्जाचा मसुदा मी करून ठेवलाय, फक्त घरच्यांची सही लागेल आणि ती तुझीच हवी. आत्यांशीही बोल. आजोबा झोपेत काही बडबडायचे का, कुठल्या गावाचं नाव घ्यायचे का, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. त्यांचं वय बघता हे दिवाळीवर टाकू नकोस.

ट्रंकेत टोपी निघण्याची आशा मी धरत नाही, ती सरकारजमा व्हायची. पण निघालीच, तर पुसू नकोस, तेल लावू नकोस, आणि आत्या चिंच-राखेने घासायला निघाल्या तर त्यांना थांबव. जुन्या चादरीत गुंडाळून तशीच ठेव. मी बार्शीला येतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत