काकूंची शिकवणी कोणत्या खात्यात बसते?
कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. एरवी मी आणि दोघी मदतनीस असतो, अंगारकीला आणि गणपतीत सहाजणी होतो. फूड लायसन्स आहे, कमर्शियल सिलिंडर आहे, बँकेचा हप्ताही वेळेवर जातो. म्हणजे हे पत्र माझ्या गाऱ्हाण्याचं नाही. ते काकूंबद्दल आहे, आणि मी ते लिहिलंय हे कळलं तर काकू चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही.

माझी पहिली ऑर्डर ५१ मोदकांची होती. निम्मे उकडताना चिरले, सारणाचा पाक चाळणीत उतरला. शेजारणीने मागच्या गल्लीतल्या काकूंकडे नेलं. त्यांनी माझं पीठ चिमटीत घेतलं, नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "जुनं आहे." मग सगळं पहिल्यापासून. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा. पीठ जेवढं तेवढंच पाणी. उकड गरम असतानाच मळायची, हात भाजला तरी. पारी कडेला पातळ, मध्ये किंचित जाड. आणि चाळणीत ठेवण्याआधी मोदक बुडाशी पाण्यात बुडवायचा. माझी सगळी चूक त्या शेवटच्या वाक्यात होती, आणि ते वाक्य मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने रोज दुपारी मी त्यांच्या ओट्याशी उभी होते. कळ्या पाडायला शिकायला तेवढे लागतातच. पण खरी शिकवणी पुढची होती. "ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय नारळ फोडू नकोस." "घरचा सिलिंडर धंद्याला लावू नकोस, एक दिवस अंगाशी येईल." "नणंदेलाही दर सांगायचा. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे." एकदा मी त्यांना हिशेब दाखवला. नारळ, गूळ, तूप, वेलची, गॅस, डबे, सगळं होतं. त्यांनी कागद परत दिला आणि विचारलं, "यात तुझी मजुरी कुठाय?" तोवर मला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

काकूंच्या ओट्याशी अशा बऱ्याचजणी उभ्या राहून गेल्या. एकजण आता जाहिरातींच्या फोटोंसाठी फूड स्टायलिंग करते. लग्नाच्या केकवर ती साखरेची फुलं करते तेव्हा तिची बोटं कळ्या पाडल्यासारखीच चालतात, मी पाहिलंय. दुसरीने पुरणाची टार्ट काढली आहेत. काकूंनी एक खाल्लं, "पुरण बरं जमलंय, खालचं ते बिस्कीट कशाला?" म्हणाल्या, आणि मग आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना तिचा नंबर दिला.

आता यातली न बोलली जाणारी बाजू सांगते. बायका बायकांना किती मदत करतात यावर ८ मार्चला भाषणं होतात. प्रत्यक्षात प्रमाण सांगताना एखादा जिन्नस हळूच गाळणाऱ्या बायका मला भरपूर भेटल्यात. पूर्वी मी त्यांना नावं ठेवायचे, आता ठेवत नाही. स्वयंपाकाच्या धंद्यात शिकवणं म्हणजे आपल्याच गल्लीत स्पर्धक उभी करणं. काकूंच्या जुन्या गिऱ्हाइकांची दोन घरं माझ्याकडे आली, कारण मी व्हॉट्सॲपवर फोटो टाकत होते आणि त्या टाकत नव्हत्या. मी त्यांना जाऊन सांगितलं. "मग काय झालं? मला कुठे झेपतंय आता," असं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माझ्या शिक्षणाची फी ती दोन घरं होती. ती काकूंनी भरली.

मंत्रिमहोदय, तुमचा विभाग शिकणारीचा विचार करतो, शिकवणारीचा करत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावी पासला महिना ६ हजार विद्यावेतन, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार, वय १८ ते ३५. आमच्याकडे बाई येते ती मुलं जरा मोठी झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, बहुतेकदा दहावीवर शिक्षण थांबलेली. ती दारातच अडते. केंद्राच्या ॲप्रेंटिस योजनेत सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, उचलतं. पण ॲप्रेंटिस कायद्याचा दरवाजा किमान चार माणसांच्या आस्थापनेपासून उघडतो. आम्ही वर्षातले दहा महिने तिघी. आणि समजा चौथी धरली, तरी पैसे शिकणारीचे. जिचा दोन महिन्यांचा वेळ गेला, जिचं पीठ आणि सारण पहिल्या शंभर मोदकांत वाया गेलं, तिच्या नावाने रकानाच नाही.

सगळ्यात लागतं ते पीएम विश्वकर्माचं. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची ही कारागिरांसाठीची योजना सुरू झाली. गुरु-शिष्य परंपरा बळकट करणं हा तिचा जाहीर हेतू आहे. १८ प्रकारच्या कारागिरांची यादी आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, परीट, नाभिक, हार गुंफणारे, मासेमारीची जाळी विणणारे सगळे आहेत, आणि असलेच पाहिजेत. हाताने रांधणारी नाही. फुलांची माळ गुंफणं कारागिरी आहे, मग एका पारीला एकवीस कळ्या पाडणं काय आहे? नागपूरकडच्या बायका कोपरापर्यंतच्या हातांवर लंबी रोटी ताणून उलट्या माठावर टाकतात, ते काय आहे? यादी केंद्राची आहे हे मला ठाऊक आहे. पण राज्याने शिफारस करायला कोणाची हरकत आहे?

हे सगळं नवीन मागणं आहे असंही नाही. दादरचं कॅटरिंग कॉलेज, जिथून पंचतारांकित हॉटेलांचे शेफ निघाले, ते १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने बायकांच्याच अन्न परिषदेने काढलं. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जत. तिथे कारभार पाहणाऱ्या बायकाही लाटण्यापासूनच वर आलेल्या असतात. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गटातल्या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२ च्या संपात गिरण्या थांबल्या, जेवणारे गावाकडे गेले. तेव्हा त्या बायकांना नुसती चव येऊन भागणार नव्हतं. एकीला कळलेलं दुसरीला सांगावंच लागलं: गिऱ्हाईक कुठे शोधायचं, डबा किती अंतरावर परवडतो, थकलेले पैसे कसे मागायचे.

मध्यंतरी एका प्रशिक्षण केंद्रात मोदकांचा वर्ग घ्यायचा होता. मी काकूंचं नाव सुचवलं. केंद्रावरच्या साहेबांनी विचारलं, "सर्टिफिकेट?" काकू सातवी पास. मग हॉटेल मॅनेजमेंट झालेला एक मुलगा आला आणि त्याने साच्यातले मोदक शिकवले. मुलगा गुणी होता. वर्ग संपल्यावर त्यानेच मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हाताने कळ्या पाडतात त्या नेमक्या कशा?" मी त्याला काकूंचा पत्ता दिला. तो गेला, आठवडाभर शिकला. सर्टिफिकेट त्याचं, शिकवणी काकूंची, मानधन त्याचं. यात त्याचा काही दोष नाही.

म्हणून मागते ते असं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. त्यातल्या थोड्या केंद्रांशी, पंचवीस म्हणा, आसपासची चालती स्वयंपाकघरं जोडा. तिथल्या बाईला 'मार्गदर्शक कारागीर' म्हणून मान्यता द्या, आणि तिची परीक्षा कागदावर नको, ओट्याशी घ्या. ती शिकवेल त्या प्रत्येकीमागे दोन महिन्यांचं मानधन तिच्या खात्यात, वाया जाणाऱ्या सामानासकट. शिकणारीला वयाची वरची अट नको, शिक्षणाची तर नकोच. आणि दोन महिने झाल्यावर लगेच हात वर करू नका. पहिलं वर्ष महिन्यातून एकदा दोघींनी बसून हिशेबाची वही बघायची, त्याचेही पैसे शिकवणारीला द्या. धंदे चव नसल्यामुळे क्वचित बंद पडतात, मजुरी न धरल्यामुळे रोज बंद पडतात.

पैसे मिळाले की काकू बदलतील का, हेही मी स्वतःला विचारलं. त्या नाही बदलणार. पण जिन्नस गाळणाऱ्या बदलतील. गाळलेला जिन्नस सांगण्याचे पैसे मिळत असतील तर लपवायचा कशाला?

तुमच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष बघायचं असेल तर संकष्टीच्या आदल्या दुपारी पाठवा, काकू तेव्हा घरीच असतात. हात धुऊन यायला सांगा, त्या नुसतं बघत उभं राहू देत नाहीत. आणि उत्तर द्यायचं झालं तर श्रावण संपायच्या आत द्या. भाद्रपदात आमच्यापैकी कोणाचा हात फोन धरण्याजोगा कोरडा नसतो.

कळावे,
डोंबिवलीची एक मोदकवाली