गाडी हळू, शटर त्याहून हळू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धावत्या गाड्यांचे फोटो कसे काढावेत यावर लेख आला होता. त्याचा सल्ला थोडक्यात असा : ७०-२०० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स (दूरचे जवळ ओढणारी, तोंड मोठे उघडणारी) किंवा त्याहून मोठी घ्या आणि शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू, म्हणजे जास्त वेळ उघडे, ठेवू नका. धामणगाव रेल्वे तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि नव्या गाडीचे फोटो हीच माझी रोजी. हा सल्ला वाचून आमच्याकडचा एखादा पोरगा हप्त्यावर दीड-दोन लाखांची लेन्स उचलेल, या काळजीने हे पत्र लिहितो आहे. काळजी उगाच नाही. लेख आला त्याच आठवड्यात एक जण कात्रण घेऊन दुकानात आला आणि विचारू लागला, "भाऊ, टू-पॉइंट-एट घ्याच लागते का?" घरी सोयाबीन आणि थोडी कपाशी, कॅमेरा जुना, त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

लेखातले आकडे खोटे नाहीत, पण ते शर्यतीच्या मैदानाचे आहेत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिथे गाडी तासाला ३०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि फोटोग्राफर जाळीमागे, मोकळी जागा सोडून लांब उभा असतो. त्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लागणारच. तळेगाव दशासरकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याच्या कडेला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले, तर गाडी दहा-पंधरा मीटरवरून जाते. बोलेरो चार मीटर लांब. एवढ्या अंतरावरून ती पुढेमागे थोडी जागा ठेवून १८-५५ मध्ये आरामात बसते. आणखी मागे, वीस-पंचवीस मीटरवर जाता आले तर ५५-२५० उत्तम. लांबून काढण्याचा एक खरा फायदा आहे. अगदी जवळून आडवी जाणारी गाडी कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत टिपली तर मधला दरवाजा स्वच्छ येतो आणि बोनेट व डिकी हलल्यासारखी दिसतात, कारण जवळून पाहताना गाडीची दोन्ही टोके कॅमेऱ्यापुढून सारख्या वेगाने सरकत नाहीत. लांबून हा फरक कमी होतो. त्यासाठी मागे सरकायला जागा हवी, २.८ नको.

आता शटर. आमच्याकडे पटाचे फोटो मीही १/१००० ला किंवा त्याहून जलद काढतो. बैलजोडी सुटली की चारही खूर जमिनीवरून सुटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, धुरकरी (जोडी हाकणारा) पुढे झुकलेला, मागे धुराळा. तो क्षण गोठवला तरी वेग दिसतो, कारण पळणाऱ्या जनावराचे अंगच वेगळे होते. गाडीचे तसे नाही. उभी गाडी आणि धावती गाडी, पत्रा तोच, आकार तोच. वेग सांगायला तिच्याजवळ दोनच गोष्टी असतात : फिरणारे चाक आणि मागे पळणारा मुलूख. १/२००० ने दोन्ही थांबतात आणि गाडी रस्त्यात उभी करून फोटो काढल्यासारखी दिसते. शटर हळू ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, तर गाडी स्वच्छ राहते आणि चाक व मागचा मुलूख पळताना दिसतो.

हिशेब करून पाहावा. तासाला १२० किलोमीटरने जाणारी गाडी १/२००० सेकंदात पावणेदोन सेंटिमीटर सरकते. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर चाक जेमतेम तीन अंश फिरते. पाच काड्यांच्या अलॉय व्हीलमध्ये दोन काड्यांत ७२ अंशांचे अंतर असते, तिथे तीन अंश कोणाच्या डोळ्यात येणार? तीच गाडी १/१२५ ला सत्तावीस सेंटिमीटर सरकते, चाक पन्नासेक अंश फिरते, काड्या एकमेकींत मिसळून चकती होते. आता दुसरी गाडी घ्या, तासाला फक्त ३० किलोमीटरने जाणारी, आणि शटर १/३० करा. ती अठ्ठावीस सेंटिमीटर सरकते. म्हणजे चाकाचे फिरणे तेवढेच, मागची पळती रेघ तेवढीच. फोटो पाहणाऱ्याला एक गाडी १२० ने आणि दुसरी ३० ने गेली हे ओळखता येणार नाही.

संपादक महोदय, माझ्या पत्राचा सगळा जीव या हिशेबात आहे. दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी घरी आली की गिऱ्हाईक म्हणते, पळतीचा फोटो पाहिजे. मग पोरगा पुसतो, "काका, किती पळवू? शंभरावर घेऊ का?" आणि शेजारी बसलेले त्याचे वडील घाबरून म्हणतात, "कायले पळवतं बापा एवढी!" वडिलांचे बरोबर असते. मी तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर चालवायला सांगतो. गाडी नवी, हात नवा, रस्त्यावर शेळ्या, शाळेतून येणारी पोरे, उखडलेला रस्ता. गाडी पळवण्याची काहीच गरज नसते.

हे जमवायचे कसे तेही सांगतो, कारण लेखात यावर एक ओळसुद्धा नव्हती. कॅमेऱ्याची चकती निकॉन-सोनीवर एस (S) वर आणि कॅननवर टीव्ही (Tv) या खुणेवर ठेवावी, म्हणजे शटर आपण ठरवतो आणि बाकीचे कॅमेरा पाहतो. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवावा. जुन्या कॅमेऱ्याला तो झेपत नसेल तर गाडी जिथून जाणार त्या डांबरावरच्या एखाद्या पट्ट्यावर आधीच फोकस करून मग आपोआप फोकस बंद करावा, म्हणजे तो तिथेच राहतो. लेन्सवर स्थिरतेचा (हाताची थरथर शोषणारा) मोड २ असेल तर तोच वापरावा, तो आडव्या हालचालीला अडवत नाही.

पाय जिथे फोटो घ्यायचा त्या जागेच्या समोर रोवावेत आणि गाडी येते त्या बाजूला फक्त कंबर वळवावी. बरेच जण उलटे करतात : पाय गाडीकडे, आणि फोटोच्या वेळी अंग पिळलेले. मग ऐन क्षणी हात झटका खातो. कोपरे बरगड्यांना टेकलेली, डावा तळवा लेन्सखाली. गाडी दुरून दिसली की तिचा एकच भाग धरावा, मी पुढच्या दाराची मूठ धरतो, आणि तो भाग चौकटीत एकाच जागी राहील असे वळत यावे. बटण दाबल्यावर थांबू नये. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट पुढे जाते तसा कॅमेरा गाडीच्या मागे जात राहिला पाहिजे. पहिल्यांदा १/१२५ वर हात बसवावा, मग १/६०, मग १/३०. १/३० ला बरेच फोटो हलतील. ते पुसून टाकावेत, रीळ काही संपत नाही.

विदर्भातल्या उन्हाबद्दल लेखकाने विचारच केलेला दिसत नाही. आमच्याकडे लख्ख दुपारी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) १०० ला १/१२५ शटर ठेवले की लेन्स एफ/१६ च्या आसपास मिटते; एफचा आकडा जितका मोठा, तितके तोंड बारीक. १/६० ला ती एफ/२२ कडे जाते आणि १/३० ला बऱ्याच लेन्सना त्यापुढे मिटताच येत नाही, फोटो पांढरा पडतो. २.८ चे पैसे ज्या उघड्या तोंडासाठी मोजले, ते तोंड दुपारी उघडताच येत नाही. शिवाय एवढ्या मिटलेल्या लेन्सने चित्राची धार बोथट होते आणि सेन्सरवर बसलेला धुळीचा प्रत्येक कण आभाळात काळा ठिपका होऊन उमटतो. आमच्या मातीत हे ठिपके किती असतात ते आमचे आम्हाला माहीत. यावर उपाय म्हणजे एनडी ८ चे फिल्टर, लेन्सपुढे लावायची काळसर काच. उजेड आठव्या हिश्शावर येतो आणि १/३० ला लेन्स एफ/११ च्या आसपास मोकळी होते. किंमत लेन्सच्या मानाने किरकोळ. पोलरायझर (चकाकी अडवणारे फिल्टर) असेल तर तोही चालतो, समोरच्या काचेवरची चकाकी जाते ती वेगळीच.

चैत्र-वैशाखात तर मोठी लेन्स पैसे देऊनही साथ देत नाही. डांबर तापले की त्यावरून हवा लाटांसारखी उठते. ३००-४०० मिलिमीटरने दूरची गाडी ओढून घेतली की नंबरप्लेट पाण्यात पडल्यासारखी हलते. हा दोष लेन्सचा नाही, मधल्या हवेचा आहे, आणि तो कोणत्याही किमतीला जात नाही. सकाळी आठच्या आत जावे आणि गाडीच्या जवळ राहावे, एवढाच मार्ग. त्या वेळी ऊन कोवळे असल्याने फिल्टरही लागत नाही. फाल्गुनात मागे फुललेला पळस असला तर १/३० ला केशरी पट्टे येतात. तुरी फुलल्या की पिवळे येतात. असा फोटो बुद्ध सर्किटवर मिळायचा नाही.

१/१००० किंवा २००० कुठे वापरावे हेही न्यायाने सांगितले पाहिजे. गाडी सरळ अंगावर येत असेल, तर चाकाच्या काड्या दिसत नाहीत आणि कॅमेरा फिरवून उपयोग नसतो. तिथे जलद शटरच योग्य. मोबाइलवाल्यांसाठी एक गोष्ट. मोबाइल चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो, म्हणून जवळून वेगात जाणारी गाडी तिरकी होते. शंभरेक वर्षांपूर्वी झाक-आन्री लार्तिग या फ्रेंच तरुणाच्या कॅमेऱ्यातही शटरची फट अशीच सरकत जायची. त्याच्या शर्यतीच्या गाडीच्या फोटोत चाक लंबगोल होऊन पुढे कलले आहे, आणि तो कॅमेरा गाडीबरोबर फिरवत असल्याने कडेची माणसे उलट्या बाजूला झुकली आहेत. आज तो फोटो जगभर दाखवतात. हातातल्या यंत्राचा स्वभाव ओळखला तर स्वस्त यंत्रही कामाला येते, हे मी पोरांना तोच फोटो दाखवून सांगतो.

शेवटचा मुद्दा सर्वात तातडीचा. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. तिथे गाडीला १२० ची मुभा आहे, पायी माणसाला आणि दुचाकीला प्रवेश नाही, आणि अडचणीशिवाय थांबायला मनाई आहे. तरी पोरे फोटो-रीलसाठी कठड्याशी उतरतात, कोणी डांबरावर पालथा पडतो. १२० ची गाडी सेकंदाला तेहतीस मीटर येते. डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला तिचे अंतर कळत नाही. जो परिणाम त्यांना तिथे हवा आहे तो गावच्या रस्त्यावर, तीसच्या वेगात, धुऱ्यावर उभे राहून मिळतो, हे वर दाखवलेच आहे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीत धावत्या गाडीचा फोटो छापाल तेव्हा खाली शटर, लेन्स, गाडीचा वेग आणि फोटोग्राफर किती अंतरावर उभा होता हे द्यावे. त्याला एक ओळ पुरते आणि दुकानात येणाऱ्या पोरांना लेन्सच्या जाहिरातीपेक्षा त्या ओळीचा जास्त उपयोग होईल. आणि महामार्गाच्या डांबरावर बसून किंवा झोपून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी छापू नये.

आपला,
एक स्टुडिओचालक व नियमित वाचक,
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती