अजिंठ्याच्या रंगांविषयी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सदाशिव,

शाळेतल्या पोरांकडून अजिंठ्याचे रंग घोटून घेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त फळ्यावर 'लाल म्हणजे राग, पांढरा म्हणजे शांती' असा तक्ता लिहू नकोस. नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा रंग लाल आहे खरा, पण आपल्याकडे तोच लाल कपाळावर सौभाग्याचा होतो. शृंगाराला तिथं श्याम रंग दिलाय. पहिल्या लेण्यात कमळ धरलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीजवळची ती सावळी, दागिन्यांनी मढलेली स्त्री पोरांना दाखव. माणसाचं अंग म्हटलं की त्यांचा हात गुलाबी रंगाकडे जातो, ती सवय तिच्याकडे बघून मोडेल.

लाल गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत भरलेल्या हिरव्या मातीचा. निळा तेवढा परका. तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. पाचव्या शतकातल्या लेण्यांत तो दिसतो.

तू गेरूपासूनच सुरू कर. खलात कुटून वस्त्रगाळ कर. वाटीभर भुकटीत पाच वाट्या पाणी घालून ढवळ, तीसपर्यंत आकडे मोज आणि वरचं लाल पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओत. तळाची रेती टाकून दे. असं तीनदा. मग ते रात्रभर ठेव, नितळ पाणी काढ, गाळ सावलीत वाळव. यात घाई केली की कुंचल्याखाली खर येते आणि रेघ फाटते. अजिंठ्याच्या चित्रांचा सगळा जीव रेघेत आहे, तेव्हा इथं कंटाळा चालणार नाही. काळ्या रंगाची काजळी मात्र पाण्यावर तरंगते, म्हणून ती आधी घट्ट डिंकात घोटायची.

अजिंठ्यात रंग बांधायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा चिकट रस, असायचा, तुला बाभळीचा डिंक पुरे. एक भाग डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजव, गाळून घे. पट्टा ओढ, वाळू दे, बोट घास. रंग बोटाला आला तर डिंक कमी पडला. चकाकून तडकला तर जास्त झाला.

पोरं घरून वसमतची हळद आणतील. कोऱ्या कागदावर लावू दे, पण चुन्याच्या भिंतीवर नको, तिथं ती लाल पडते. कुंकू होतं ते याच गुणामुळं. शिवाय हळद उन्हात उडते, पिवळी माती टिकते.

फोटोवरून नक्कल करताना एक सांभाळ. 1920 ते 1922 मध्ये निजामानं बोलावलेल्या इटालियन कारागिरांनी चित्रांवर लाखेचा हात दिला होता, तो पुढं पिवळा पडला. फोटोतली ती पिवळसर झाक पोरांनी मूळ रंग समजून उतरवू नये. पांढरा पांढराच ठेवायला सांग.

वहिनींना नमस्कार. गेरू मिळाला नाही तर कळव, इथून पाठवतो.

तुझा,
दत्ता