ओली लॅडल

बेळगाव, ३० एप्रिल २०२५

प्रिय गड्या,

आज बसव जयंती, त्यात अक्षय तृतीया. फाउंड्री बंद. दुपारी वळीव असा काही कोसळला की लाइट गेली ती अजून आलेली नाही. उंबऱ्यावर बसून लिहितोय. समोर मंडळाची पोरं शिवजयंतीच्या चित्ररथाचा बुरूज ताडपत्रीखाली झाकून उभी आहेत, थर्माकोल भिजला म्हणून एकमेकांना शिव्या घालतायत.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "तुमच्यात बरं आहे की लेका, फादरच्या कानात सांगितलं की खातं निल." मी हसून विषय बदलला. तुझं चुकलं असं नाही, मीही इतकी वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण परवाच्या शनिवारी जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. तू माझा शाळेपासूनचा बाकावरचा शेजारी, म्हणून तुला लिहितोय. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलंय.

१९९८ चा जुलै. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी नुकताच शिफ्ट सुपरवायझर झालो होतो. फाउंड्रीचं नाव नको, ती अजून चालू आहे आणि माझ्या पोटालाही तिथूनच मिळतं. तुला आतलं काम ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगतो. कपोल्यातून, म्हणजे भट्टीतून, वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे दांड्याच्या बादलीत, घ्यायचं, दोघांनी दांडा धरून साच्यापर्यंत न्यायचं आणि ओतायचं. लॅडलला आतून मातीचं अस्तर असतं. ते नव्यानं लिंपलं की लाकडं पेटवून पुरतं सुकवावं लागतं, लाल होईस्तोवर तापवावं लागतं. कारण लोखंड असतं तेराशे-चौदाशे अंशावर आणि त्याच्या तळाशी चमचाभर पाणी राहिलं तरी त्याची क्षणात वाफ होते. पाण्याच्या सतराशे पट जागा त्या वाफेला लागते. वर लोखंड बसलेलं, मग ती जाणार कुठं? लोखंड घेऊनच उडते.

त्या दिवशी पत्रा गळत होता, लाकडं ओली होती, ऑर्डर तटलेली होती. हेल्पर पोरगा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, कन्नड बोलणारा, लॅडलच्या अस्तराला हात लावून म्हणाला, "साहेब, हशी अदरी." ओली आहे अजून. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "काय होत नाही. घे."

त्याच्या डाव्या पायावर सांडलं. बुटाच्या आत गेलं. तो आवाज मी लिहिणार नाही.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, लॅडल तापवली होती का? मी म्हणालो, "मी सांगितलं होतं त्याला. त्यानं तापवली नाही."

बस, एवढीच दोन वाक्यं. पोरगा दवाखान्यात होता, त्याला विचारायला कोण जातंय? थोडे पैसे देऊन त्याला गावी पाठवलं. माझी नोकरी राहिली. त्या वर्षी पहिली मुलगी झाली. पुढं हप्त्यावर घर झालं, मुलींची लग्नं झाली. सगळं त्या दोन वाक्यांवर उभं.

आता तुझ्या खात्याकडे येतो. मी कुमसार, म्हणजे फादरपुढं पापांची कबुली, करत नव्हतो असं नाही. दर ईस्टरला करत होतो. गुडघे टेकायचे आणि सांगायचं, "खोटं बोललो, राग केला, मिस्सा (रविवारची उपासना) चुकवली." ह्या 'खोटं बोललो'मध्ये मी ते घडी घालून ठेवलं होतं. लाचेच्या बिलात 'किरकोळ खर्च' लिहितात ना, तसं. तक्रार करायला जागा नाही, कारण लिहिलेलं खोटंही नाही.

यंदा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात नेहमीचे फादर नव्हते. एक म्हातारे पाहुणे फादर होते, खानापूरकडचं आपलंच मराठी बोलणारे. मी यादी म्हणून टाकली. ते म्हणाले, "खोटं बोललास. कुणाबद्दल?" सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी गप्प. तेही गप्प. मागं रांग खोळंबलेली, कुणीतरी खोकत होतं. मग मी सांगितलं. फादरांनी पापक्षमा दिली, आणि वर म्हणाले, "क्षमा झाली. आता त्याच्याकडे जा. क्षमा हवी म्हणून जाऊ नको, ती मिळालीय. त्याचं जे आहे ते त्याला परत द्यायला जा."

खरं सांगू? बाहेर आलो तर हलकं-बिलकं काही वाटलं नाही. पोटात गोळा आला होता. खातं निल झालं नव्हतं, उलट पहिल्यांदा उघडलं होतं.

एका जुन्या मोल्डरकडून, म्हणजे साचे करणाऱ्याकडून, पत्ता काढला. बैलहोंगलच्या अलीकडचं गाव. शनिवारी २६ तारखेला निघालो. त्याच दिवशी तिकडे रोममध्ये पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी होता. दहा वर्षांमागं ज्यांनी सबंध वर्षच दयेचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेच हे पोप. बसमध्ये मोबाइलवर थोडं बघितलं. साधी लाकडी शवपेटी, वर उघडलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक, वाऱ्यानं त्याची पानं उलटत होती. मग रेंज गेली. बागेवाडी सोडलं की माती काळी होत जाते, पाट्यांवरची आणि बसमधल्या गप्पांतली मराठीही संपत जाते. मला वाटत होतं, हा माणूस मला दारातून हाकलून देईल तर बरं. मार खाल्ला तर त्याहून बरं. काहीतरी फिटल्यासारखं होईल.

तो अंगणात बसून दोरी वळत होता. केस पांढरे. डावा पाय पुढं पसरलेला, घोट्यापासून खाली चामडं ताणून बसवल्यासारखं, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "सुपरवायझर साहेब. कूडरी." बसा.

मी बसलो नाही. उभ्या-उभ्याच मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, मालकांना मी काय म्हणालो होतो ते. तो दोरी वळतच होता. माझं संपल्यावर म्हणाला, "गोत्तित्तु." ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या कारकुनानं दवाखान्यात येऊन त्याला सांगितलं होतं. कामगार खात्याकडे अर्ज कर, मी साक्ष देतो, असंही म्हणाला होता. अर्ज लिहूनही झाला होता. मग? तो मराठीत आला, आपल्या उद्यमबागेतल्या मराठीत. "तुमची बाई पोटुशी होती न्हवं साहेब? डबा द्यायला यायची गेटवर. म्हटलं, माझा पाय तर गेलाच. आता तिचं कशाला?" मग दोरीकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं रोज शिव्या दिल्या तुम्हाला. नंतर कामं लागली. बिड्री, साहेब."

बिड्री. सोडा. त्यावेळी माझे पाय थरथरले, शब्दशः. खाली बसलो. गड्या, मी क्षमा मागायला गेलो होतो आणि मला कळलं की मी सत्तावीस वर्षं तिच्यावरच जगत होतो. रोज. मुलीचं बारसं, घराची वास्तू, नाताळचे दिवे, सगळं एका पांगळ्या माणसाच्या गप्प बसण्यावर. मी ज्याला माझं नशीब म्हणत होतो, त्याला मालक होता.

लहानपणी आई सांजच्याला गावच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायला न्यायची आणि म्हणायची, देवाचं भय बाळग. मला वाटायचं, भय म्हणजे हेडमास्तरांच्या छडीचं असतं तसं. आमच्यात मयताला १३० वं स्तोत्र म्हणतात. त्यात एक ओळ अशा अर्थाची आहे की, देवा, तुझ्यापाशी क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. कितीतरी मयतांना म्हटलंय मी ते. दर वेळी वाटायचं, उलटं लिहिलंय. शिक्षा आहे म्हणून भय, असं पाहिजे होतं. त्या अंगणात कळलं की उलटं नाही. शिक्षेला हिशोब असतो. एवढं केलं, एवढं भोगलं, फिटलं, मग मान वर करून हिंडता येतं. मी तेच शोधत गेलो होतो. आणि हे असं समोर आलं की त्याला मोजमापच लागत नाही.

यशया संदेष्ट्याचं असंच आहे. मंदिरात त्याला देवाचं दर्शन होतं, उंबरे हलतात, धूर भरतो. तो ओरडतो, मेलो मी, मी अशुद्ध ओठांचा माणूस. तर एक सराफीम, म्हणजे स्वर्गदूत, चिमट्यानं वेदीवरचा निखारा उचलून आणतो आणि त्याच्या ओठांना लावतो, आणि सांगतो की तुझं पाप गेलं. हे वाचन मी शंभरदा ऐकलंय, पण मी भट्टीवाला असून कधी लक्षात आलं नाही की त्या स्वर्गदूतालाही चिमटा लागला. आणि तो निखारा बरोबर ओठांवर लागतो, जिथून दोन वाक्यं निघाली होती तिथंच.

हे सगळं गोड-गोड होतंय असं वाटत असेल तर पुढचं ऐक. त्याची बायको चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला, हातात दिला नाही. वळून जाताना म्हणाली, "अवरु बिट्टार. ना बिट्टिल्ला." त्यांनी सोडलंय, मी नाही. तो काही बोलला नाही. मीही नाही. बरोबरच आहे तिचं. रात्री त्या पायाला तेल लावलंय ते तिनं, उसाच्या कामाला एकटी गेली ती तीच. तिची माफी त्याच्याकडून परस्पर घेऊन मी कसा उठणार होतो? चहा प्यालो. फार गोड होता, आणि उतरत नव्हता.

पाकिटात पन्नास हजार नेले होते. त्यानं घेतले, नको-नको केलं नाही. तिथंच मोजले, बायकोला हाक मारून दिले. मग म्हणाला, "धाकटा आयटीआय झालाय, फिटर. कुठं बघता काय? मशीन शॉपला बघा. मोल्डिंगला नको."

दुसऱ्या दिवशी दयेचा रविवार होता. ईस्टरनंतरचा रविवार आमच्यात तसा पाळतात, २००० सालापासून. पोलंडमध्ये फाउस्टिना नावाची एक सिस्टर होऊन गेली, मठात स्वयंपाक, बाग आणि फाटकावरची राखण करणारी. तिला १९३१ च्या फेब्रुवारीत येशूचं दर्शन झालं, छातीतून दोन किरणं निघालेली, एक तांबडं, एक फिकट. रक्त आणि पाणी. तिच्या सांगण्यावरून १९३४ ला चित्र काढलं, तर ते बघून ती रडली म्हणे, की जसा होता तसा सुंदर कुणाला काढता येणार? १९३८ ला तेहतिसाव्या वर्षी गेली. पुढं तिच्या लिखाणाची भाषांतरं सदोष झाली, आणि मुख्यतः त्यापायी रोमनं १९५९ ते १९७८ ह्या भक्तीवर बंदी घातली. भाषांतरापायी एकोणीस वर्षं कागद अडकला, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजवायला नको! आजच्याच तारखेला, पंचवीस वर्षांमागं, तिला संतपद दिलं.

तर रविवारी कॅम्पात, फातिमा कॅथेड्रलमध्ये, तीनच्या प्रार्थनेला गेलो. येशू मरण पावला ती वेळ तीनची. जपमाळेच्या दर मण्याला दया माग, दया माग, असं चालतं. पूर्वी मी त्यात झोपायचो. परवा माझा आवाजच फुटेना. चित्राखाली लिहिलेलं असतं, येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. बाकी लोक म्हणत होते. मी त्या तांबड्या किरणाकडे बघत होतो. कपोल्याचं तोंड फोडल्यावर पहिली धार येते ना, तोच रंग. ती धार अंगावर यावी असं कुणाला वाटत नाही, आणि नजर तर काढवत नाही. तुझे वडील वारीहून आल्यावर चार दिवस कुणाशी बोलायचे नाहीत, आठवतं? आपण त्यांना हसायचो. मला ते परवा त्या बाकावर आठवले.

पोराचं मशीन शॉपमध्ये बोललोय. सोमवारी येतोय, राहायची सोय वडगावात एका खोलीत केलीय. पण एक राहिलंय. जुने मालक गेले, आता मुलगा बघतो. त्याच्या कपाटात कुठंतरी त्या अपघाताचा कागद असेल, त्यावर 'कामगाराची चूक' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं. ते बदलून घ्यायचंय. काल केबिनपर्यंत जाऊन दोनदा परत आलो. निवृत्तीला तीन वर्षं आहेत, ग्रॅच्युइटीचा विचार येतोच. तुला खोटं कशाला सांगू.

लाइट आली वाटतं, चित्ररथावर हॅलोजन पेटलाय. उद्या पहिल्या शिफ्टला नवं अस्तर केलेली लॅडल आहे आणि हवेत ओल आहे. पाचलाच जाऊन बघतो.

वहिनींना नमस्कार. मे महिन्यात येशील तेव्हा माझ्याबरोबर एकदा त्या गावाला चल. तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे, त्या बाईंशी मला धड बोलायचंय.

तुझा,
बाकावरचा शेजारी