आत्ता घेऊ की थांबू, तुझ्या एका ओळीच्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर

प्रिय विन्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "घरांचे भाव पडतायत, आत्ता घेऊ की थांबू, एका ओळीत सांग". एका ओळीत नाही रे बसत, म्हणून सकाळी सगळी कामं बाजूला टाकून हे लिहायला बसलेय. तसं तू योग्य माणसाला विचारलंयस, कारण पडत्या बाजारात मी घर विकलंयही आणि भाड्यानं राहिलेयही, आणि दोन्हीकडे व्यवस्थित माती खाल्लीय.

आधी विकायची गोष्ट. आम्ही घर घेतलं ते भाव अगदी टोकाला असताना, अर्थात ते टोक होतं हे नंतर कळलं, त्या वेळी तर सगळे म्हणत होते की पुढच्या वर्षी परवडणारच नाही. दोन वर्षांत नवऱ्याची नोकरी गेली, हप्ता झेपेना, घर विकायला काढलं. पहिल्याच महिन्यात एजंटचा फोन, एक जोडपं आहे, लोन मंजूर आहे, पण आपल्या आकड्यापेक्षा ८ टक्के कमी देतायत. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, फोन खांद्याशी दाबलेला, तोंडात दोन चिमटे. चिमटे काढले आणि म्हणाले, "आम्ही घेतलं त्याच्या खाली नाही द्यायचं." संपलं. एवढाच विचार केला बघ. मग १४ महिने साठवलेल्यातून हप्ते भरले आणि शेवटी त्या जोडप्याच्या ऑफरपेक्षाही ११ टक्के खाली विकलं. त्यांना किंवा बाजाराला, आम्ही ते कितीला घेतलं होतं ह्याच्याशी काय घेणंदेणं होतं? पण माझ्या डोक्यात तोच एक आकडा ठाण मांडून बसला होता.

हे फक्त माझंच येडेपण नाही हां. १९९० च्या दशकातल्या बॉस्टनच्या फ्लॅट-विक्रीवर जेनेसोव्ह आणि मेयर ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला होता, २००१ साली छापून आला. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं ते लोक घराची किंमत बाजारापेक्षा चढी लावायचे, आणि त्यामुळे त्यांची घरं जास्त दिवस पडून राहायची. म्हणजे माझ्यासारखे बाल्कनीत उभे राहून नाही म्हणणारे तिथेही होतेच.

आता तुझ्यासाठी ह्याचा अर्थ असा की पडत्या बाजारात आधी भाव नाही पडत, आधी व्यवहार पडतात. विकणारा हटून बसतो, घेणारा थांबतो, आणि लिस्टिंगवरचा आकडा महिनोन्‌महिने तसाच दिसतो, त्यामुळे "भाव तर टिकून आहेत की" असं वाटतं. लिस्टिंगचा आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, बाकी काही नाही. सौदे कितीला झाले ते बघ, नोंदणीत सापडतं. आणि सरासरी भावावर तर अजिबात जाऊ नकोस, कारण वाईट काळात लहान घरं विकणं थांबलं आणि मोठीच विकली गेली तर सरासरी चक्क वाढलेली दिसते. केस आणि शिलर ह्या अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतला घरांच्या भावांचा इंडेक्स एकाच घराच्या दोन विक्रींची तुलना करतो ते ह्यासाठीच. तूही तेच कर, त्याच बिल्डिंगमधला तसाच फ्लॅट आधी कितीला गेला आणि आत्ता कितीला.

आणि तळ कधी येणार हे मला विचारू नकोस. अमेरिकेत भाव २००६ पासून २०१२ पर्यंत उतरत गेले, साधारण २७ टक्के, आणि जुन्या पातळीला यायला २०१६ उजाडलं. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ मध्ये जवळपास निम्मे झाले. जपानात १९९१ नंतर मोठ्या शहरांतल्या जमिनीचे भाव दशकभराहून जास्त काळ घसरत राहिले, आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी कुणीतरी म्हणत असणारच की आता तळ आला. शिवाय भाव नुसता जागेवर थांबला तरी ती घसरणच असते, महागाई ५ टक्के धरली तर ५ वर्षांत खऱ्या अर्थानं घर २० टक्क्यांहून जास्त स्वस्त झालेलं असतं, फक्त कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

म्हणून प्रश्नच बदल. "अजून पडेल का" हे सोड, "मला मध्येच विकावं लागेल का" हे स्वतःला विचार. हिशोब बघ, घर १०० चं, तुझे २०, बँकेचे ८०. भाव १० टक्के पडला की तुझे निम्मे पैसे गेले, २० टक्के पडला की सगळे, आणि त्याच्याही खाली गेला तर घर विकूनसुद्धा बँकेचं देणं उरतं. पण हे सगळं विकायची वेळ आली तरच. हप्ता जातोय, तू राहतोयस, तर तो कागदावरचा तोटा आहे, बुडवतो तो सक्तीचा सौदा. आम्हाला भाव पडल्यानं जेवढं मारलं नाही तेवढं नोकरी गेल्यानं मारलं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात ही ह्यातली खरी गोम आहे, कारण मंदी आली की भावही पडतात आणि नोकऱ्याही जातात. त्यामुळे डाउन पेमेंटमध्ये शेवटचा पैसा ओतू नकोस, निदान वर्षभराचे हप्ते हातात ठेवून मग काय ते ठरव.

आई काय म्हणते ते माहितीये मला, भाडं म्हणजे पाण्यात पैसे. ठीक आहे, पण ९ टक्क्यांनी २० वर्षांचं लोन घेतलंस तर पहिल्या हप्त्यातला जवळजवळ पाच षष्ठांश भाग व्याजच असतो, आणि ५ वर्षं इमानेइतबारे हप्ते भरलेस तरी मुद्दल फिटतं जेमतेम ११ टक्के. ते पाणी नाही का? तुझ्या आवडलेल्या घराची किंमत १०० धर आणि तसंच घर वर्षाला किती भाड्यानं मिळतं ते काढ. ३ येत असेल तर ८० च्या कर्जावर तू ७ च्या वर नुसतं व्याज भरणार, मधला खड्डा भाव वाढला तरच भरतो, आणि भाव तर पडतोय. तेच भाडं ६-७ ला पोचलं तर मीच म्हणेन घे, तळ असो नसो. फक्त ५-७ वर्षं तिथून हलणार नसशील तरच, नाहीतर घेताना आणि विकतानाचा खर्च, नोंदणी, दलाली, ह्यातच सगळं जातं.

पण भाड्यानं राहणं म्हणजे सुरक्षित असंही समजू नकोस. घर विकून आम्ही भाड्यानं गेलो, म्हटलं सुटलो एकदाचे. चौथ्या महिन्यात ऑफिसातून आले तर दारावर सेलोटेपनं चिकटवलेली नोटीस, बँकेची, घरमालकाच्या नावानं. हा गृहस्थ आमचं भाडं एक तारखेला घ्यायचा आणि स्वतःचा हप्ता भरतच नव्हता! फोन केला तर म्हणे "काही नाही हो, फॉर्मॅलिटी आहे." दोन महिन्यांनी बँकेचा माणूस येऊन खोल्यांचे फोटो काढून गेला, आम्ही स्वयंपाकघरात चोरासारखे उभे. घर सोडावं लागलं, डिपॉझिट अर्धंच परत मिळालं. अमेरिकेत अशी इतकी कुटुंबं रस्त्यावर आली की २००९ मध्ये कायदा करावा लागला, जप्ती आली तरी भाडेकरूला निदान ९० दिवसांची नोटीस द्यायची. दक्षिण कोरियात जोन्से म्हणून पद्धत आहे, दरमहा भाडं नाही, घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम डिपॉझिट द्यायची. २०२२-२३ मध्ये भाव पडले आणि कित्येक मालकांकडे ती परत द्यायला पैसेच नव्हते. तेव्हा डिपॉझिट जितकं कमी तितकं बरं, आणि घरावर किती बोजा आहे ते अॅग्रीमेंटच्या आधी तपास, मालकाला वाईट वाटलं तर वाटू दे.

अजून एक, भाव पडले म्हणजे भाडं पडेलच असं नाही. तुझ्यासारखे थांबलेले सगळे भाड्याचीच घरं शोधत असतात ना. मालक आकडा कमी करायला तयार नसतो, पण एक महिना माफ कर, रंग काढून दे, दोन वर्षं वाढ नाही असं लिहून दे, हे मागितलं की बऱ्याचदा मिळतं, कारण रिकामं घर त्यालाही खातं.

तर आता असं कर, तू पाठवलेलं ते घर किती दिवसांपासून लिस्टवर आहे आणि मध्ये किती वेळा किंमत उतरवली ते एजंटला विचार. का विकतायत तेही काढ. आणि मग तुला जो आकडा सांगताना लाज वाटेल तो सांग, फार तर नाही म्हणतील, मीही नाहीच म्हणाले होते की. माझ्यासारखं कुणी असेल तर वर्षभरानं त्यांचाच फोन येईल. टोकन द्यायच्या आधी कागद मला पाठव, रविवारी बसून वाचते.

तुझी,
सुमा

ता.क. फोटोत आतल्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात रंगाचा पट्टा वेगळाच दिसतोय, झूम करून बघ. नुकताच मारलेला वाटतो. ओल आहे का ते पाऊस पडून गेल्यावर जाऊन बघ, आधी फोन करून नको जाऊस.