दंड भरणारा उमराव

गॉलवे, आयर्लंड, रविवार

प्रिय दिग्या,

परवा पार्किंगच्या दंडाची नोटीस आली. फॉर्मवर पत्रव्यवहाराच्या भाषेसाठी हौसेने ‘आयरिश’च्या चौकोनात खूण केली होती, ती भोवली. मायना होता, ‘अ घिने ऊअसल’. आमच्या शिकवणीच्या बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्हाला खानदानी गृहस्थ म्हटलंय!’’

मग मी या ‘ऊअसल’च्या मागेच लागलो. आज अर्थ कुलीन, उमराव. मुळात मात्र नुसतं ‘उंच’. वेल्शमधलं त्याचं भावंड अजूनही उंच या अर्थानेच चालतं. जुन्या काळी आजच्या फ्रान्समध्ये राहणाऱ्या गॉल लोकांचा ‘उक्सेलोडूनम’ म्हणजे सरळ ‘उंचगड’. इ.स.पू. 51 मध्ये सीझर त्याला वेढा घालून बसला. गड पडेना, तेव्हा त्याने झऱ्याचं पाणी तोडलं. पुढे शरण आलेल्यांचे हात छाटले. असो. भाषाशास्त्रवाले हे कूळ संस्कृत ‘उपरि’पर्यंत नेतात, आणि त्या ‘उपरि’चंच झिजत झिजत आपलं ‘वर’ झालं. म्हणजे ‘डबा वर ठेव’ म्हणताना तू या उमरावाच्या चुलतभावालाच राबवतोस!

उलट शब्द ‘ईशल’, म्हणजे खालचा. दोन्ही जोडून म्हटले की आपलं ‘लहानथोर’. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘ऊअसल’ मंडळी म्हणजे कुळाच्या नायकाचे भाऊबंद: जमीन पट्ट्याने घ्यायची, खालच्यांकडून कसून घ्यायची. मला मात्र आवडली ती भुताखेतांची गोष्ट. इथे टेकड्यांखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांनाही ‘उमराव मंडळी’च म्हणतात, खरं नाव घेतलं तर कोपतील म्हणून. आपण नाही का अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ म्हणायचो?

गंमत पुढेच आहे. आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेत, 40व्या कलमात, राज्याने कोणालाही सरदारकीचा किताब द्यायचा नाही असं लिहिलंय, आणि तिच्या आयरिश भाषेतल्या मजकुरात तिथे याच शब्दाचं भाववाचक नाम आहे. आपलं 18वं कलम आठवलं. किताब बंद, पण पाकिटागणिक खैरात चालूच. आपल्या जुन्या ‘रा. रा.’सारखीच, सावकारही कर्जदाराला राजमान्य राजेश्रीच लिहायचा की!

दंड भरला. पावती आली, तिच्यावर मायनाच नाही.

आईंना नमस्कार सांग. आणि तू लिही रे, आळशा.

तुझा,
बाळ्या