बंदुकीचं काम बिघडलं तर वाद मोजमापाने मिटवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑर्डरप्रमाणे काम करून देणाऱ्या गनस्मिथ लोकांवरचा, म्हणजे बंदुका बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवरचा लेख वाचला, लेख छानच होता, लेथवरचं काम, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताने केलेलं चेकरिंग (पकडीसाठी लाकडावर कोरलेली चौकड्यांची नक्षी), सगळं अगदी मनापासून लिहिलंय. पण काम बिघडलं तर पुढे काय, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती आणि मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून हे पत्र लिहितोय. नेमबाजीच्या वर्तुळात बरीच वर्षं वावरतोय आणि असले वाद जवळून बघितलेत, बहुतेक वेळा होतं काय की गिऱ्हाईक दुकानात जाऊन आवाज चढवतं, गनस्मिथचा इगो दुखावतो, दोघंही आपापल्या मित्रांना आपली बाजू सांगत फिरतात आणि बंदूक तशीच कपाटात पडून राहते. कुणीही गेज, म्हणजे मोजायचं साधन, लावून बघितलेलं नसतं!

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी पडलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं "मस्त अॅक्युरेट करून द्या", समोरचा म्हणतो "करतो की", संपलं. आता अॅक्युरेट म्हणजे काय? किती अंतरावर, कुठल्या काडतुसाने, किती गोळ्यांचा ग्रुप (म्हणजे टार्गेटवर एकाच नेमाने मारलेल्या भोकांचा पुंजका)? १०० मीटरवर एक एमओए (नेम किती पसरतो ते मोजायचं कोनाचं माप) म्हणजे साधारण २.९ सेंटीमीटर, तीन गोळ्यांचा एखादा ग्रुप नशिबाने त्याच्या आत बसतो आणि पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारले की खरं चित्र दिसतं, त्यामुळे गनस्मिथ तीन गोळ्यांचं टार्गेट दाखवतो आणि गिऱ्हाईक पाच गोळ्यांचं आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. तसंच नळीच्या पिळाचं, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चरांचं. २२३ कॅलिबरमध्ये १२ इंचांत एक वळसा असलेली नळी मागवायची आणि नंतर तिच्यातून ७७ ग्रेनची लांब गोळी मारायची, तर गोळी स्थिर राहतच नाही, कागदावर आडवी लागते, भोक चावीच्या भोकासारखं लांबट पडतं. यात गनस्मिथच्या हाताचा दोष शून्य आहे. पण कुठली गोळी मारणार हे त्याने आधी विचारायला हवं होतं आणि कागदावर लिहून घ्यायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

म्हणून मी भेटेल त्याला सांगतो की जॉब कार्डवर मोजता येईल अशा भाषेत लिहून घ्या. चाप किती वजनाला सुटला पाहिजे, तो कसा मोजणार (एकदा ओढून चालत नाही, पाच-दहा वेळा ओढून सरासरी काढावी लागते), नळीची लांबी, पीळ, कुठल्या काडतुसावर चाचणी होणार, फिनिश कुठल्या पद्धतीचं, तारीख, पैसे कुठल्या टप्प्याला किती. आणि बंदूक हातात देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो, नंबर दिसेल असे. हे लिहायला अर्धा तास लागतो आणि चांगल्या गनस्मिथला याचा राग येत नाही, उलट त्याला बरंच वाटतं, कारण गिऱ्हाईक मध्येच विचार बदलतं याचा त्रास त्यालाही असतोच.

आता काम घरी आलं आणि काहीतरी खटकलं. इथे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, एक म्हणजे मनासारखं न झालेलं काम आणि दुसरं म्हणजे धोकादायक काम. लोक यांची सरमिसळ करतात आणि मग चेकरिंगच्या एका वाकड्या रेघेवर महिनाभर भांडतात आणि हेडस्पेसकडे बघतही नाहीत. हेडस्पेस म्हणजे थोडक्यात बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा पोलादी दांडा) बंद केल्यावर काडतुसाला चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, मिळणारी जागा. ३०८ विंचेस्टर या काडतुसाचं उदाहरण घ्या, 'गो' गेज १.६३० इंचाचं असतं, त्याच्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, आणि बाजारात मिळणारं 'नो-गो' गेज साधारण १.६३४ इंचाचं, नव्या चेंबरमध्ये त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. फरक किती, तर चार थाऊ (इंचाचे चार हजारांश), कागदाच्या एका पानाएवढा! पण ही जागा वाढत गेली तर बार उडाल्यावर काडतुसाची पितळी केस (कवच) ताणली जाते, बुडापासून थोडं वर चकचकीत रिंग दिसायला लागते आणि एखाद्या दिवशी केस तिथेच तुटते आणि गरम गॅस मागे तोंडावर येतो. तसंच चाप हलका करून घेतलेला असला आणि रिकाम्या बंदुकीचा बोल्ट जोरात बंद केल्यावर किंवा सेफ्टी काढताच तो आपोआप सुटत असला, तर तोही याच प्रकारात मोडतो.

असं काही दिसलं तर "त्याला दाखवायला अजून एक फायर करतो" असं अजिबात करू नका. हात जोडून सांगतो. बंदूक रिकामी करून ठेवून द्या, उडवलेल्या केसेस फेकू नका, काडतुसाच्या बॉक्सवरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि गनस्मिथला त्याच दिवशी लेखी कळवा. पैशाचं बोलणं नंतर. त्याच्या दुकानातून त्या आठवड्यात तसंच काम झालेल्या आणखी कुणाची बंदूक बाहेर गेली असेल तर त्यालाही वेळेत निरोप गेला पाहिजे ना.

दिसण्यातला दोष मात्र क्षुल्लक असतो असं कुणी समजू नये. माझ्या एका स्नेह्यांकडे वडिलांच्या काळातली दुनळी होती, ब्लुइंग (पोलादावरचा काळसर-निळा थर) विटलं होतं म्हणून नवीन चढवायला दिली. परत आली ती लांबून बघितली तर आरशासारखी काळीभोर, सगळे वा वा म्हणाले. मी खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरली तेव्हा पोटात खड्डा पडला. बफिंग व्हीलवर इतकी घासली होती की मेकरच्या नावातली अक्षरं पुसट झालेली, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, साइडलॉकच्या (बाजूला बसवलेल्या घोड्याच्या यंत्रणेच्या पट्टीच्या) धारदार कडा गोल. मग नळ्या काढून हुकाला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली, चांगल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात, या खुळखुळल्या. कारण असं की जुन्या दुनळीच्या मधल्या पट्ट्या बहुतेक नरम झाळणाने जोडलेल्या असतात आणि गरम ब्लुइंगच्या कॉस्टिक सॉल्टच्या टाकीत ते झाळण खाल्लं जातं, अशा नळ्यांना गंज चढवून, तो खरडून, परत चढवून करायचं ते सावकाश रस्ट ब्लुइंगच करावं लागतं, ही गोष्ट या धंद्यातल्या माणसाला माहीत असलीच पाहिजे. तो कारागीर म्हणाला "रंग तर झकास आलाय, हवं तर ब्लुइंगचे पैसे परत घ्या". पण ब्लुइंगचे पैसे परत मिळून काय होणार होतं? पट्ट्या नव्याने बसवायचा खर्च त्याच्या कितीतरी पट, कोरीवकाम परत उठवायला वेगळा एनग्रेव्हर लागणार आणि घासून गेलेलं पोलाद तर परत येतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा केसमध्ये भरपाई नुकसानाएवढी हवी, फक्त मजुरीएवढी नाही.

दस्त्याच्या तडा जाण्यावरूनही फार भांडणं होतात. गनस्मिथ म्हणतो लाकूडच खराब, गिऱ्हाईक म्हणतं फिटिंग खराब. इथे डोळे उघडे ठेवून बघितलं तर लाकूडच उत्तर देतं. तडा बरोबर अॅक्शनच्या (बोल्ट बसतो त्या पोलादी भागाच्या) टॅंगच्या, म्हणजे मागे लाकडात शिरणाऱ्या शेपटीच्या, मागून सुरू होत असेल आणि तिथे लाकूड दाबून चकचकीत झालेलं असेल, तर तिथे पोलाद आणि लाकूड यांच्यात जी बारीक फट ठेवायची असते ती ठेवलेली नाही, प्रत्येक धक्क्याला टॅंग पाचरीसारखी आत घुसतेय. हा फिटिंगचा दोष. तडा दुसरीकडेच दस्त्याच्या मनगटाच्या (हाताने धरायच्या बारीक) भागात लाकडाच्या रेषांबरोबर तिरका गेलाय तर लाकडाच्या रेषाच चुकीच्या दिशेने होत्या. आणि ते लाकूड गिऱ्हाइकाने आणलेलं असलं तरी मला वाटतं गनस्मिथची जबाबदारी पूर्ण संपत नाही, त्याने "या लाकडाचा दस्ता मी करणार नाही" असं म्हणायला हवं होतं, निदान लेखी तरी द्यायला हवं होतं.

गनस्मिथची बाजूही मांडतो कारण ती कुणी मांडत नाही. लोक जुनी अॅक्शन एकीकडून, नळी दुसरीकडून, चाप तिसरीकडून आणतात आणि सगळं जुळवून द्या म्हणतात. घरी नेल्यावर चापाचा स्क्रू स्वतः फिरवतात. हाताने भरलेली जास्त दाबाची काडतुसं मारतात आणि सांगत नाहीत. हल्ली बोअरस्कोप (नळीच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) स्वस्त झाल्यापासून तर नळीच्या आतला प्रत्येक ओरखडा मोठा करून दाखवतात, पण त्या कॅमेऱ्यात चांगल्या नळीतली साधी टूलमार्कही (हत्याराची खूणही) चर खणल्यासारखी दिसते, नळी टार्गेटवर काय करते ते महत्त्वाचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पटलं नाही की सरळ दुसऱ्या गनस्मिथकडून उघडून "दुरुस्त" करून घेतात आणि मग पहिल्याकडे भरपाई मागायला जातात. एकदा दुसऱ्याचा हात लागला की कुणी काय केलं हे सांगणं कुणालाच शक्य नाही, पहिला माणूस सहज म्हणू शकतो की माझ्याकडून गेली तेव्हा ठीक होती. दुसऱ्याकडून तपासणी जरूर करून घ्या, मोजमापं लेखी घ्या, पण एक स्क्रूही बदलू देऊ नका.

मग पहिल्या गनस्मिथला पत्र लिहा. लहान लिहा. काय ठरलं होतं, काय मिळालं, कुणी कशाने मोजलं, आणि तुम्हाला काय हवंय, परत करून हवंय की दुसऱ्याकडून करून घ्यायचा खर्च हवाय की पैसे परत, आणि किती दिवसांत. "तुमच्यावर विश्वास ठेवला आणि तुम्ही वाट लावली" वगैरे पत्रातून काढून टाका, त्याने समोरच्याची चूक कबूल करायची वाट बंद होते. सुधारायची एक संधी द्यावी असं मला वाटतं, अर्थात धोक्याचा दोष असेल आणि तो माणूस तो दोष मानायलाच तयार नसेल तर देऊ नये. नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा हेही आधीच ठरवा, बंदूक काही साधं पार्सल नाही, बहुतेक देशांत लायसन्स आणि कागदपत्रांशिवाय ती एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक खेप महाग पडते.

आणि रागाच्या भरात मजुरी अडवून ठेवण्याआधी एक लक्षात घ्या, अनेक देशांच्या कायद्यात कारागिराला त्याची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क असतो. म्हणजे वाद मिटेपर्यंत बंदूक त्याच्याकडेच आणि पुरावाही त्याच्याकडेच. त्यापेक्षा "तक्रार राखून पैसे देत आहे" असं पावतीवर लिहून पैसे द्यावेत, बंदूक ताब्यात घ्यावी आणि मग तपासणी करून पुढचं बघावं.

तिसऱ्याने तपासायची ही कल्पना काही नवीन नाही. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, तेव्हापासून नळ्या तपासून त्यांच्यावर शिक्का मारायची पद्धत तिथे रुजली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस (बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था) १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने झालं आणि त्यासाठी धडपड तिथल्या बंदूकवाल्यांनीच केली होती, कारण शेजारच्याचं भिकार काम आपल्या गावाचं नाव खराब करतं हे त्यांना कळत होतं. १९१४ पासून सीआयपी ही बंदुकांच्या तपासणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या सदस्य देशांत नेहमीच्या कमाल दाबापेक्षा साधारण २५ ते ३० टक्के जास्त दाबाची काडतुसं उडवून बंदूक तपासतात, आणि नवी नळी बसवली किंवा चेंबर बदललं की परत प्रूफ, म्हणजे ही तपासणी, करावं लागतं. पण प्रूफचा शिक्का फक्त बंदूक तो दाब झेलते एवढंच सांगतो, काम सुबक झालंय की नाही हे तो सांगत नाही, आणि अमेरिकेसारख्या देशात तर असं सरकारी प्रूफ हाऊसच नाही, तिथे एसएएएमआय ही १९२६ पासूनची उत्पादकांची संस्था मापं ठरवते, तीही ऐच्छिक.

म्हणून माझी सूचना नेमबाजी क्लबांना आहे. प्रत्येक क्लबने नेहमीच्या कॅलिबरची हेडस्पेस गेजेस, चापाचं वजन मोजायचं गेज आणि एक चांगला बोअरस्कोप घेऊन ठेवावा, आणि ते वापरता येणारी, कुठल्याही दुकानाशी संबंध नसलेली दोन-तीन माणसं ठरवून ठेवावीत. वाद आला की दोघांनी त्यांच्यासमोर बसायचं, मोजायचं, आकडे लिहायचे, दोघांनी सही करायची. पैशाचा निर्णय त्यांनी देऊ नये, तो त्या दोघांनी किंवा कोर्टाने बघावा, पण आकडे तरी एकच असतील. मी बघितलेल्या वादांतले अर्धेअधिक तेवढ्यावरच मिटले असते असं मला खात्रीने वाटतं.

आपल्याला एवढीच विनंती की या विषयावर पुन्हा लेख कराल तेव्हा एखाद्या चांगल्या गनस्मिथकडचं भरलेलं जॉब कार्ड, गिऱ्हाइकाचं नाव आणि बंदुकीचा नंबर झाकून, फोटोसकट छापा. नव्याने काम करून घेणाऱ्यांना नक्की काय लिहून घ्यायचं ते त्यावरून कळेल.

आपला,
एक नियमित वाचक आणि नेमबाज